न चमकलेली बाटली

ताई, त्या शनिवारी सगळे तुला हसले आणि त्यांना हसवलं मी. तू गेल्यानंतर तुझ्याबद्दल काही लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. तुझ्या हातच्या थालीपिठापासून किंवा तुझ्या मोठ्या मनापासून केली असती, तर ती माझी आणखी एक पळवाट झाली असती, आणि पळवाटा मी पुरेशा काढल्या आहेत.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगतो आहे, वाचणाऱ्यांसाठी. आपली लॅब तेव्हा चमकणाऱ्या रेणूंच्या मागे लागली होती. टीव्ही-मोबाइलच्या पडद्यांसाठी, दिव्यांसाठी. दर शनिवारी सेमिनार रूममध्ये जमायचं, ज्याने त्याने बनवलेला पदार्थ छोट्या काचेच्या बाटलीत घालून आणायचा, टेबलावरच्या काळ्या डब्यात ठेवायचा, आतला अतिनील दिवा लावायचा आणि वरच्या फटीतून डोकावायचं. हिरवं, केशरी, निळं काही उजळलं की टाळ्या. नाही उजळलं की पुढची बाटली. न उजळलेल्या बाटल्या मागच्या फळीवर जायच्या, आणि फळी भरली की कचऱ्यात. ही रीत माझीच होती. तिचा मला अभिमान होता.

तुझी बाटली आत गेली. मी डोकावलो. आत काळोख. तुझी ती हिरवट काळी भुकटी दिव्याखाली गप्प बसून राहिली. तुझं कितीतरी महिन्यांचं काम होतं ते. मी डोकं वर काढलं आणि म्हणालो, "वनिता जी, यह केमिस्ट्री नहीं, तवे की कालिख है। इतनी मेहनत क्यों की? मेरी माँ से माँग लेतीं।"

खोली हसली. विद्यार्थी हसले, तुझ्याहून निम्म्या वयाची पोरं हसली. तूही हसलीस, ओठ मिटून. मग मी म्हणालो, "इसे अब बंद करते हैं," आणि पुढच्या बाटलीसाठी हात पुढे केला.

एवढंच. मिनिटभरही लागलं नसेल.

तू लॅबमध्ये आलीस तेव्हा चाळिशी ओलांडलेली होतीस. भाऊजी एअरफोर्समध्ये, त्यामुळे जोरहाट, अंबाला, जामनगर असे संसार मांडत आणि मोडत तुझी वर्षं गेलेली. मुलं मोठी झाली, भाऊजी निवृत्त होऊन तुम्ही लखनौच्या गोमती नगरला फ्लॅट घेतलात, आणि मग तू एम.एस्सी.चं जुनं सर्टिफिकेट घेऊन पुन्हा संशोधनाच्या दारात उभी राहिलीस. मी तुझ्यापेक्षा वयाने लहान आणि तुझा बॉस. मुलाखत झाल्यावर जिन्यात गाठलंस मला. "अमरावतीकडचे का हो तुम्ही? मघाशी फोनवर 'काम करूनच राहिलो' म्हणालात."

"हो. तुम्ही?"

"सांगली. म्हणजे मिरज. पण लखनौत सांगली म्हटलेलं बरं, मिरज सांगितलं की लोक मिर्झापूर समजतात."

त्या जिन्यातच आपलं नातं ठरलं. वर सेमिनार रूममध्ये मी 'सर' आणि तू 'वनिता जी'. जिन्यात मी 'श्रीधर', 'अरे', 'काय रे'. आणि तू 'ताई'. अख्ख्या लॅबमध्ये मराठी बोलणारे आपण दोघंच. घरी माझी मुलंसुद्धा मी मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतात. त्यामुळे दिवसाकाठी मनासारखी मराठी मला त्या जिन्याच्या पायऱ्यांवरच मिळायची. तू त्याला 'आपला महाराष्ट्र' म्हणायचीस. "चल, महाराष्ट्रात जाऊन चहा पिऊ."

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी जिन्यात थांबलो. तू वर येत होतीस. मला वाटलं, रागावशील, दोन शब्द सुनावशील, आणि मग मी काहीतरी म्हणेन. तू थांबलीस, हसलीससुद्धा.

"नमस्ते सर। टिफ़िन में थालीपीठ है, आपकी टेबल पर रखवा दिया है। ठंडा होने से पहले खा लीजिएगा।"

आणि वर निघून गेलीस.

ताई, लोकांनी मला तोंडावर नालायक म्हटलेलं आहे. मोठ्या माणसांनी माझे प्रस्ताव परत फेकलेले आहेत. पण जिन्यात, कोणी ऐकत नसताना, तू मला हिंदीत 'खा लीजिएगा' म्हणालीस, ते जितकं लागलं तितकं दुसरं काही मला कधी लागलं नाही. थालीपीठ नेहमीसारखंच होतं. तिळाचं. ते खाताना मला कळलं की तू माझ्याशी भांडणार नाहीस. तू फक्त मराठी बंद केलीस.

उन्हाळा आला आणि तरी मराठी बंदच होती. तुझं काम बंद केल्यावर मी तुला द्रावकांच्या स्टोअरची जबाबदारी दिली होती. ती तू टापटीप सांभाळलीस. आम्ही आमच्या चमकणाऱ्या बाटल्या बघत राहिलो. मी रोज ठरवायचो, आज बोलायचं. मग वाटायचं, एवढं काय, विनोद होता. अपराध्याला 'विनोद होता' हे वाक्य किती उपयोगी पडतं, हे मी त्या दिवसांत शिकलो.

मग मे महिन्यात, लू वाहत असताना, एका रविवारी दुपारी तुझा फोन आला.

"श्रीधर, गच्चीवर ये."

मराठीत. मी चप्पल घालून स्कूटर काढली तेव्हा बायको म्हणाली, "इस धूप में? दिमाग़ फिर गया है क्या?" मी म्हटलं, "ताईने बोलावलंय." त्यावर तिने अडवलं नाही. तिला सगळं माहीत होतं.

तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मागे, तू संसार मांडला होतास. एका ट्रेमध्ये पाणी. त्यावर तरंगणारा थर्माकोलचा तुकडा. त्याला गुंडाळलेलं काळं कापड, ज्याची दोन्ही टोकं खाली पाण्यात बुडालेली. वर तिरकी लावलेली खिडकीची जुनी काच. काचेच्या आतल्या बाजूने थेंब ओघळत होते आणि कडेच्या पन्हळीतून एका स्वच्छ बरणीत पडत होते.

"हात लाव," तू काच उचलून म्हणालीस.

मी कापडाला बोट लावलं आणि मागे घेतलं. चटका बसला होता.

"आता खालच्या पाण्याला लाव."

पाणी कोमट. त्या टळटळीत उन्हातही फक्त कोमट.

"तवे की कालिख," तू म्हणालीस. एवढंच. तेही हसत.

स्टोअरच्या पश्चिमेच्या खिडकीत तू तुझ्या बाटल्या ठेवल्या होत्यास, टाकवत नव्हत्या म्हणून. एका दुपारी त्या पुसताना एक हाताला इतकी भाजली की खाली पडता पडता वाचली. शेजारच्या सगळ्या नुसत्या गरम होत्या. तिथे तुझ्या लक्षात आलं ते मला, चमकण्यावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला, कधी सुचलं नव्हतं. रेणूने प्रकाश घेतला की त्याचं काहीतरी करावंच लागतं. एक तर तो प्रकाश म्हणून परत द्यायचा, म्हणजे चमकायचं. नाहीतर हातपाय झाडून, वळवळून, उष्णता म्हणून सोडायचा. तुझ्या रेणूला तू दोन सैल हात दिले होतेस. त्यामुळे तो घेतलेलं जवळजवळ सगळं उष्णतेतच घालवायचा. तो चमकत नव्हता, कारण त्याने चमकेसाठी काही शिल्लकच ठेवलेलं नसायचं. आम्ही ज्याला नापास म्हणत होतो, तेच त्याचं काम होतं. आणि आम्ही ते शोधत होतो कुठे, तर अंधाऱ्या डब्यात!

बाकीचं तू घरगुती डोक्याने जुळवलंस. सगळं पाणी तापवण्यात ऊन फुकट जातं. म्हणून फक्त वरचं, कापडात चढलेलं पाणी तापवायचं. थर्माकोल खालच्या पाण्याकडे उष्णता जाऊ देत नाही. कापड वातीसारखं पाणी वर ओढतं. तुझ्या भुकटीत रंगवायची मलमल तू चौक बाजारातून आणली होतीस, जिथे चिकनच्या भरतकामासाठी कोरे तागे मिळतात. त्या दुकानदाराची नक्कल तू मला करून दाखवलीस, ओढणी खांद्यावरून मागे टाकून: "'बहन जी, मलमल पर काला कौन चढ़ाता है? ख़राब हो जाएगी।' मी म्हटलं, 'भैया, ख़राब ही करनी है।' तो म्हणाला, 'तो फिर यह हल्की वाली ले जाइए, ख़राब करने के लिए अच्छी वाली क्यों?'"

"मग?"

"मग हल्की वाली घेतली की. बरोबर होतं त्याचं."

आणि ट्रेमधलं पाणी कुठलं? तुझ्या स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनने बाहेर फेकलेलं, खारट, ज्याने तू एरवी फरशी पुसायचीस. भाऊजी बरणी घेऊन जिन्यावरून खाली निघाले होते. मी विचारलं, "हे कुठे?"

"इन्व्हर्टरच्या बॅटरीत," भाऊजी म्हणाले. "आता बाजारातून डिस्टिल्ड वॉटर आणायचं नाही असा घरात हुकूम आहे. चाखून बघ. काही चवच नाही याला."

"चव नाही म्हणजेच बरोबर झालंय," तू म्हणालीस.

त्या गच्चीवर मी माफी मागायला हवी होती. तू मराठी परत दिलीस, माझ्याकडून काही न घेता. मी म्हणालो काय, तर "ताई, हे तर छापायला हवं!" माझ्यातला बॉस माणसाच्या आधी बोलला.

ते छापलं गेलं, तुझं नाव पहिलं होतं, आणि मला वाटलं हिशेब मिटला. लॅबचा सगळा रोख बदलला. मागच्या फळीवरच्या जुन्या बाटल्या आपण एकेक करून उन्हात ठेवल्या, आणि त्यातल्या कितीतरी तापल्या. त्याआधी फळी भरली म्हणून किती कचऱ्यात गेल्या असतील, याचा विचार मी अजूनही फार वेळ करू शकत नाही. मग वार्षिक समारंभात संचालक बोलायला उभे राहिले: "जिस चीज़ को कोई देखता भी नहीं, उसमें हीरा पहचान लेना, यह श्रीधर जी की पारखी नज़र है।" टाळ्या पडल्या. तू चौथ्या-पाचव्या रांगेत होतीस. मी मागे वळून तुझ्याकडे पाहिलं नाही. मान जराशी झुकवली, विनयाने झुकवतात तशी, आणि बसून राहिलो.

पहिला अपराध तोंडातून निघून गेला होता. हा मी बसून, समजून उमजून केला.

त्यानंतर जिन्यात मी प्रयत्न केला, तुला आठवत असेल. हातात चहा होता. "ताई, त्या शनिवारचं मी…" म्हणालो. तू मला पुढे बोलूच दिलं नाहीस.

"हे बघ श्रीधर. अपमान केलास हिंदीत, भरल्या खोलीत. आणि माफी मागतोस मराठीत, जिन्यात, कानाशी. असं नाही चालत."

"म्हणजे काय करू?"

"जिथलं तिथे. हिंदीत. मोठ्याने. आणि समारंभातलंही त्यातच येऊ दे, पुन्हा पुन्हा कोण येणार?" मग चहाचा घोट घेऊन म्हणालीस, "घाई नाही. पण मी म्हातारी व्हायच्या आत कर. ऐकू यायला हवं."

यावर मी हसलो आणि वर्षं जाऊ दिली. दर शनिवारी ती खोली समोर होती. दर शनिवारी मुलं होती, काळा डबा होता, आणि तू होतीस. बॉसपण सोडायला मला जमत नव्हतं. आता वाटतं, माझ्यासारखे लोक मनातल्या मनात इतकी माफी मागतात की प्रत्यक्ष मागायची गरजच उरलेली नाही असं त्यांना वाटू लागतं.

पण ताई, मधली ती वर्षं दुःखाची नव्हती, हेही लिहायला हवं. ती माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली वर्षं होती. आपण भांडलो किती! माझं एकच पालुपद: "शेवटी काळंच करायचं तर साधी काजळी का नको? फुकट मिळते, उन्हात विटत नाही. तुझा रेणू एका उन्हाळ्यात तपकिरी पडतो." आणि तुझं उत्तर ठरलेलं: "काजळी सुटते, पाण्यात उतरते, हाताला लागते. माझा रेणू कापड सोडत नाही. आणि त्याला कुठला प्रकाश खायचा ते मी शिकवू शकते, काजळीला शिकवता येत नाही."

"पण विटतो."

"विटला की पुन्हा बुडवायचा. साडीचं कापड विटलं म्हणून तू नेसणं सोडून देतोस का?"

"मी साडी नेसत नाही, ताई."

"म्हणून तुला कळत नाही."

कापडावर मिठाचा थर बसायचा तेव्हा मी त्यावर एक अवघड उपाय काढला होता, पातळ पापुद्रे चढवण्याचा, त्यावर एका विद्यार्थ्याचं वर्ष गेलं असतं. तू म्हणालीस, संध्याकाळी ऊन गेलं की कापड खाली पाण्यात दाबून ठेवा, रात्रभरात मीठ आपोआप विरघळतं, सकाळी वर घ्या. तो विद्यार्थी आजही तुझं नाव काढतो.

काजळीचं भांडण मात्र मिटलं नाही. अगदी शेवटच्या आठवड्यातल्या फोनवरही तू धापा टाकत म्हणालीस, "काजळी वापरलीस तर बघ." मी म्हटलं, "वापरणार." तू हसलीस, मग खोकला आला, मग भाऊजींनी फोन घेतला. खरं सांगू? स्वस्ताईच्या बाबतीत अजूनही माझं बरोबर आहे असं मला वाटतं. पण आता हे कोणाला सांगू? जिंकण्यासारखं त्यात काही उरलं नाही.

परवा तुझा तेरावा झाला. जेवणं आटोपल्यावर मैत्रेयी माझ्याजवळ आली. तुझी लेक मराठी सगळं समजते, बोलते हिंदीत, तुला त्याची चीड यायची. म्हणाली, "मामा, छत पर मम्मी का वो ट्रे है ना, पापा उतारने नहीं दे रहे। रोज़ पानी डालते हैं। क्या करूँ?"

"उतरवू नकोस," मी म्हणालो.

आम्ही दोघं वर गेलो. कापड बरंच तपकिरी झालेलं. तरी काचेवर थेंब होते. ती ते बघत बसली, टाकीला टेकून. मग तिने बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं, अगदी मी घेतलं होतं तसं. "अरे, यह तो सच में गरम है!" इतकी वर्षं तिच्या घराच्या गच्चीवर होतं ते, आणि तिने एकदाही हात लावून पाहिलेला नव्हता. मी तिला काय बोलणार? मी म्हटलं, नवं कापड बुडवून आणतो लॅबमधून. खाली भाऊजी बॅटरीचं झाकण उघडून बसले होते. बरणी घेतली आणि म्हणाले, "लाइट गेली तर पंखा हिच्याच पाण्यावर चालतो." ते रडले नाहीत, आणि मीही नाही. आम्हाला बरंच वाटलं, ताई. तुझ्या घरात तेराव्याच्या दिवशी बरं वाटणं हे फक्त तूच समजून घेतलं असतंस.

आता त्या दुसऱ्या शनिवारचं सांगून थांबतो.

हिवाळ्यात तुझं दुखणं कळलं. डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन काय सांगितलं ते त्यांनी मला फोनवर सांगितलं. ती माझी शेवटची पळवाट संपल्याची वेळ होती. मी तुला फोन केला. "ताई, या शनिवारी येशील? सेमिनार रूममध्ये?"

"जिना आहे रे तिथे."

"मी आणि भाऊजी खुर्चीवरून नेऊ."

"काही नको. हळूहळू चढते. महाराष्ट्रातून जायचंय, त्याला काय एवढं."

ई-रिक्षाने आलात दोघं. जिन्यात प्रत्येक वळणावर तू टेकलीस. खोलीत पुढची खुर्ची ठेवली होती, ती तू नाकारलीस आणि अगदी मागच्या रांगेत, शाल गुंडाळून बसलीस. खोली भरलेली होती. बरीच नवी मुलं, तुला न ओळखणारी. दोन-तीन जुनी, जी तेव्हा हसली होती आणि आता स्वतः शिकवतात. त्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं.

मी काळा डबा टेबलावर ठेवला. तुझी ती पहिली बाटली स्टोअरच्या खिडकीतून आणली होती, ती आत ठेवली, दिवा लावला आणि म्हणालो, या, बघा. मुलं एकेक करून आली, डोकावली, परत जाऊन बसली. कोणाला काही दिसलं नाही. मग मी सांगायला सुरुवात केली की या बाटलीचं याच खोलीत एकदा काय झालं. माझा आवाज बसला होता. शब्द माझ्याच शर्टात पडत होते.

मागून तुझा आवाज आला, "सर, पीछे तक आवाज़ नहीं आ रही।"

सगळी खोली हसली. जुनीही, नवीही. या वेळी त्यांना तू हसवलंस, आणि त्या हसण्यात मीही होतो. मी घसा खाकरला. बाटली डब्यातून काढून हातात घेतली. आणि तुझ्याकडे बघून, मागच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो:

"वनिता जी, मैंने आपका काम अँधेरे डिब्बे में देखा, धूप में एक बार भी रखकर नहीं देखा। इसी कमरे में सबको आप पर हँसाया। फिर जब यह चल पड़ा, तो आपकी तारीफ़ मेरे नाम से हुई, और मैं चुप बैठा रहा। इसमें मेरी कोई पारखी नज़र नहीं थी, नज़र आपकी थी। मैं तब भी ग़लत था और बाद में भी। मुझे माफ़ कर दीजिए।"